निन्जुत्सू शिक्षकांची विश्वासार्हता

निन्जुत्सू या जपानी विद्येच्या शिक्षकांची विश्वासार्हता हा युद्धकलांच्या अभ्यासातील एक वादग्रस्त विषय आहे. मध्ययुगीन जपानमधील निन्जा किंवा शिनोबी हे हेरगिरी, गुप्त प्रवेश, जाळपोळ आणि शत्रूच्या गोटात गोंधळ माजवणे अशी कामे करीत. या कामांसाठी लागणाऱ्या ज्ञानास निन्जुत्सू म्हणतात. आज ही विद्या शिकवणारे अनेक शिक्षक आपली परंपरा शेकडो वर्षे अखंड चालत आल्याचे सांगतात. विद्या मुळातच गुप्त असल्यामुळे अशा दाव्यांना लेखी पुरावा क्वचितच मिळतो आणि पुराव्याचा अभाव हीच गुप्ततेची खूण म्हणून पुढे केली जाते. म्हणून शिक्षकाची पारख करताना तीन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक ठरते: त्याची परंपरा किती जुनी आहे, त्याने स्वतः कोणाकडे व किती काळ शिक्षण घेतले, आणि तो जे शिकवतो ते उपयुक्त व सुरक्षित आहे काय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

निन्जांची प्रमुख केंद्रे म्हणजे इगा (आजचा मिए प्रांत) आणि कोगा (आजचा शिगा प्रांत) हे शेजारी डोंगराळ प्रदेश होत. इ.स. १५८१ मध्ये ओदा नोबुनागाच्या सैन्याने इगा जिंकून घेतले. पुढे तोकुगावा राजवटीत दीर्घकाळ शांतता नांदल्याने निन्जांच्या कामाची गरज कमी होत गेली. याच शांततेच्या काळात 'बान्सेनशुकाई' (इ.स. १६७६) आणि 'शोनिन्की' (इ.स. १६८१) हे या विद्येवरील प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध झाले. त्यांत माहिती मिळवणे, वेषांतर, किल्ल्यात शिरण्याची साधने, हवामानाचे अंदाज, दारूगोळा आणि मनोनिग्रह यांचे विवेचन आहे. निःशस्त्र द्वंद्वाला त्यांत फारसे स्थान नाही. त्यामुळे आजच्या वर्गांत शिकवले जाणारे ठोसे, फेक आणि सांधेबंद हे प्राचीन निन्जुत्सूच आहे, असा सरसकट दावा या ग्रंथांच्या आधारे करता येत नाही. अशी तंत्रे प्रामुख्याने जुजुत्सूच्या परंपरेतील आहेत.

परंपरेचा पुरावा

जपानी युद्धकलांमध्ये शाखेला 'र्यू' आणि तिच्या प्रमुखाला 'सोके' म्हणतात. शिष्याला टप्प्याटप्प्याने परवाने मिळतात आणि संपूर्ण विद्या प्राप्त झाल्यावर 'मेन्क्यो काइदेन' हा परवाना दिला जातो. शाखेची तंत्रे व वंशावळ 'देन्शो' नावाच्या दस्तऐवजांत नोंदवलेली असते. मात्र, केवळ गुंडाळी दाखवणे पुरेसे मानले जात नाही. तिचा काळ ठरवता येणे, समकालीन कागदपत्रांत शाखेचा उल्लेख असणे आणि त्याच मूळ शाखेच्या दुसऱ्या उपशाखांशी तंत्रे जुळणे, या गोष्टींना अभ्यासक अधिक महत्त्व देतात. तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू या जुन्या शाखेच्या अभ्यासक्रमातही निन्जुत्सूचा समावेश आहे. पण तेथे ती तलवारविद्येच्या जोडीने येणारी, शत्रूचे डाव ओळखण्यासाठीची माहिती आहे, स्वतंत्र लढाऊ कला नव्हे.

तोगाकुरे-र्यूचा वाद

जगभर निन्जुत्सूचा प्रसार मुख्यतः हात्सुमी मासाआकी (जन्म इ.स. १९३१) यांच्या बुजिंकान या संस्थेमुळे झाला. हात्सुमी यांना नऊ शाखांचे प्रमुखपद त्यांचे गुरू ताकामात्सू तोशित्सुगु (मृत्यू इ.स. १९७२) यांच्याकडून मिळाले. त्यांपैकी तोगाकुरे-र्यू ही निन्जुत्सूची शाखा बाराव्या शतकापासून चालत आली असून हात्सुमी हे तिचे चौतिसावे प्रमुख होते, असे संस्थेचे म्हणणे आहे. तथापि, ताकामात्सू यांच्यापूर्वी ही शाखा अस्तित्वात असल्याचा स्वतंत्र व सर्वमान्य लेखी पुरावा उपलब्ध नाही. वाततानी कियोशी आणि यामादा तादाशी यांनी संपादित केलेल्या 'बुगेई र्यूहा दाइजितेन' या युद्धकला-शाखांच्या कोशानेही तिच्या वंशावळीत नंतर भर घातल्याचे नमूद केले आहे.

याउलट नऊ शाखांपैकी कुकिशिन-र्यू आणि ताकागी योशिन-र्यू यांच्याशी संबंधित परंपरा बुजिंकानबाहेरही आढळतात. म्हणजे एकाच शिक्षकाच्या हाती आलेल्या शाखांचा पुरावाही सारख्याच बळाचा नसतो. हात्सुमी यांनी ताकामात्सू यांच्याकडे शिक्षण घेतले, याविषयी मात्र वाद नाही. त्यांचे शिष्य तानेमुरा शोतो यांनी गेनबुकान आणि मानाका उन्सुई यांनी जिनेनकान या स्वतंत्र संस्था स्थापन केल्या. त्यामुळे या तीन संस्थांतील शिक्षकांचे अलीकडचे गुरुशिष्यसंबंध तपासता येतात.

कोगा परंपरेचे दावे

फुजिता सेइको (मृत्यू इ.स. १९६६) हे स्वतःला कोगा-र्यूचे चौदावे प्रमुख म्हणवीत. त्यांनी वारसदार नेमला नसल्याचे मानले जाते. त्यामुळे त्यांच्यामार्फत प्रमुखपद मिळाल्याचे सांगणाऱ्यांकडे साशंकतेने पाहिले जाते. कावाकामी जिनिची (जन्म इ.स. १९४९) हे कोगातील बान घराण्याच्या परंपरेचे एकविसावे प्रमुख म्हणून ओळखले जातात. त्यांच्या वंशावळीच्या पुराव्याविषयीही मतभेद आहेत. मिए विद्यापीठाच्या निन्जाविषयक संशोधनात त्यांचा सहभाग राहिला असून, आधुनिक काळात या विद्येची गरज उरलेली नाही, असे सांगून आपण वारसदार नेमणार नसल्याचे त्यांनी जाहीर केले आहे.

प्रसार आणि बनावट दावे

इ.स. १९६० च्या दशकात जपानमध्ये आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत कादंबऱ्या व चित्रपटांमुळे निन्जांविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले. मागणी वाढली, पण प्रशिक्षित शिक्षक थोडे होते. या काळात कराटे किंवा जुजुत्सू शिकलेल्या काहींनी आपल्या वर्गांना निन्जुत्सू हे नाव दिले. काहींनी शोध न लागणाऱ्या जपानी गुरूंच्या, गुप्त स्पर्धांच्या किंवा सरकारी मोहिमांच्या कथा रचल्या. अशा कथांत गुरू बहुधा मरण पावलेला असतो आणि मोहीम गोपनीय असते. त्यामुळे त्या खोडून काढणे अवघड जाते. मात्र, दावा सिद्ध करण्याची जबाबदारी तो करणाऱ्यावरच असते.

पडताळणीचे निकष

शिक्षकाची पडताळणी करताना साधारणतः पुढील बाबी पाहिल्या जातात:

• गुरूचे नाव, शिक्षणाचे ठिकाण व काळ शिक्षक स्पष्टपणे सांगतो काय, आणि संबंधित संस्था किंवा सहाध्यायी त्यास दुजोरा देतात काय.
• शाखेचे नाव जपानी लिपीत नीट लिहिता येते काय, आणि जपानमध्ये ती कोणाला माहीत आहे काय.
• 'सोके' ही पदवी परंपरेने मिळाली आहे की स्वतःच घेतली आहे. स्वतः नवी पद्धती निर्माण करून ती तशीच सांगणे हा दोष नाही; तिला प्राचीन म्हणणे हा दोष आहे.
• दर्जा प्रत्यक्ष सरावानंतर मिळतो की केवळ पैसे भरून किंवा टपालाने.
• प्रश्न विचारण्यास व अन्यत्र शिकण्यास शिष्यांना मोकळीक आहे काय.
• प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबर सराव होतो काय, आणि शस्त्रे वापरताना सुरक्षिततेची काळजी घेतली जाते काय.

दर्जाचा आकडा एकट्याने फारसे काही सिद्ध करत नाही. बुजिंकानमध्ये दान दर्जे पंधरापर्यंत आहेत, तर ज्यूदोमध्ये दहावा दान सर्वोच्च आहे. त्यामुळे दोन संस्थांतील आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

वंशावळ आणि कौशल्य

जुनी वंशावळ असलेला शिक्षक कुशल असतोच असे नाही, आणि वंशावळ संशयास्पद ठरली म्हणून त्याचे कौशल्य खोटे ठरत नाही. तरीही दोहोंचा संबंध विश्वासाशी आहे. शिष्य आपला वेळ, पैसा आणि शरीर शिक्षकाच्या स्वाधीन करतो. जोडीदाराने मुद्दाम पडू दिलेल्या सरावावरून तो स्वतःला सुरक्षित समजू लागला, तर प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळी त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून नऊ शतकांच्या दाव्यापेक्षा शिक्षकाने स्वतःच्या शिक्षणाविषयी दिलेली, तपासता येण्याजोगी माहिती अधिक मोलाची ठरते.