गुत्ता, परमिट रूम आणि साथ

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत या विषयाचे नाव वाचून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, याची आम्हांस कल्पना आहे. वसंत ऋतूत संतांवर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर पाटबंधाऱ्यांवर बोलावे. दारूच्या दुकानांचे काय एवढे? परंतु ज्या धंद्यातून राज्याच्या तिजोरीत दरवर्षी दहा हजार कोटींहून अधिक रुपये पडतात, त्याकडे नाक मुरडून पाहिल्याने तो नाहीसा होत नाही. उलट त्याचा इतिहास तेवढा अंधारात राहतो. आम्ही येथे मद्याची स्तुती करण्यास उभे नाही, निंदा करण्यासही नाही. साथ आली, दार बंद करण्याचा हुकूम सुटला, तेव्हा ज्यांचे पैसे त्या दारामागे अडकले होते त्यांनी काय केले, आणि नुकसान शेवटी कोणाच्या अंगावर पडले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. पुण्यामुंबईकडे 'गुत्ता' म्हटले की दारूचे दुकान. आमच्या परभणीत, जिंतुरात, गंगाखेडात मात्र 'गुत्ता' म्हणजे मक्ता. रस्त्याचे काम घेणारा तो गुत्तेदार, पुलाचे घेणारा तोही गुत्तेदार. त्यात दारूचा वासही नाही. हा शब्द आमच्याकडे तेलंगण-कर्नाटकाच्या बाजूने, निजामी कारभाराबरोबर रुळला. मक्त्याचे नाव दुकानाला चिकटले, यातच सगळा व्यवहार सांगून झाला आहे. दुकान हे मुळात दुकान नव्हतेच. ते सरकारकडून विकत घेतलेला एक हक्क होते.

हैदराबाद संस्थानात आबकारी हे दौलतीच्या प्रमुख उत्पन्नांपैकी एक होते. दुकानांचा हर्रास होई, बोली चढे, आणि ज्याच्या नावावर बोली सुटे त्याने हाली सिक्क्यात ठरलेला हप्ता भरायचा. माल खपो वा न खपो, हप्ता चुकवायचा नाही. आपल्याकडे मुख्य पेय शिंदीचे. शिंदीच्या झाडाला हिवाळ्यात पाझर चांगला सुटतो. सकाळी गोड असलेला रस दुपारपर्यंत चढू लागतो आणि दुसऱ्या दिवशी आंबट होतो. म्हणजे हा असा माल, की जो कोठारात ठेवून भाव वाढण्याची वाट पाहता येत नाही. आज काढला तो आज विकला पाहिजे. गिऱ्हाईक नसेल तर तो मातीत ओतण्यावाचून गत्यंतर नाही.

आता या व्यवहारात साथ आणून बसवा. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे परभणीवरून धावू लागली. रेल्वेने कापूस नेला, कापड आणले आणि प्लेगही आणला. प्लेगच्या दिवसांत गाव सोडून मळ्यात झोपड्या घालून राहण्याची रीत साऱ्या दख्खनेत पडली होती. गाव ओस, बाजार ओस; मग दुकानाच्या ओट्यावर कोण बसणार? पुढे 1918 सालचा इन्फ्लुएन्झा आला. त्याचा दख्खनेतील कहर ऑक्टोबराच्या सुमारास झाला, म्हणजे शिंदीला पाझर सुटण्याच्या दिवसांत. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. मळणीला माणूस मिळेना, तेथे शिंदीला खाच पाडणारा कोठून मिळणार? अशा वेळी गुत्तेदारापुढे दोनच वाटा असत. सरकारदरबारी सूट मागायची, नाहीतर सावकाराच्या दारात जायचे. सूट देणे हा सरकारच्या मर्जीचा प्रश्न. सावकाराचे व्याज हा हिशेबाचा. धोका नेहमी खालच्या पायरीवरच्या माणसाकडे सरकत जातो, हे येथे स्पष्ट दिसते.

या व्यवस्थेविषयी लोकांच्या मनात काय होते, ते 1947-48 साली दिसले. स्टेट काँग्रेसच्या लढ्यात मराठवाड्यातील तरुणांनी करोडगिरीची नाकी जाळली, तशीच शिंदीची झाडेही तोडली. त्यामागे केवळ दारूविरोध होता असे मानणे भोळेपणाचे होईल. निजामाच्या उत्पन्नावर घाव घालायचा, तर कुऱ्हाड शिंदीवर पडणार हे उघड होते. झाड हेच तिजोरीचे तोंड होते.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा 1959 साली आमच्याकडेही लागू करण्यात आला. पुढे बंदीचे बंध सैल होत गेले. परंतु कायदा तोच राहिला. आजही महाराष्ट्रात दारू विकण्याचा परवाना हा दारूबंदीच्या कायद्याखालीच मिळतो, आणि पिणाऱ्यानेही परवाना बाळगावा अशी अपेक्षा आहे. वर्षाचा शंभर रुपयांना, तहहयात हवा असेल तर हजाराला. म्हणूनच आपल्याकडील मद्यगृहाचे नाव 'परमिट रूम'. इंग्रजांच्या पबला आपण जे नाव दिले, त्यात बंदी आणि परवानगी एकत्र नांदतात. जगात असे दुसरे नाव असेल असे आम्हांस वाटत नाही.

परभणीत पबांची साखळी नाही. येथे आहेत त्या जिंतूर रस्त्यावरच्या, वसमत रस्त्यावरच्या, स्टेशनच्या आसपासच्या परमिट रूम. आत अंधार, बाहेर कुटुंबासाठी गार्डन, आणि स्वयंपाकघरात रस्सा. साखळ्या पुण्यामुंबईत. 2009 साली पुण्यात 'डूलाली'ने जागेवरच बिअर गाळण्यास आरंभ केला. 2014 पासून रियाझ अमलानी यांच्या 'इम्प्रेसारिओ' कंपनीची 'सोशल' ही साखळी शहराशहरांत पसरली. तेथे भांडवल गुंतवणूक-संस्थांचे असते. आमच्याकडे ते मेहुण्याचे, भागीदाराचे, भिशीचे आणि पतसंस्थेचे असते. परंतु मार्च 2020 मध्ये दोघांच्या दाराला कुलूप एकाच हुकमाने लागले.

तो हुकूम ज्या कायद्यान्वये सुटला, तो 1897 चा. मुंबईतल्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला साथरोग कायदा राज्य सरकारने मार्च 2020 मध्ये पुन्हा हाती घेतला, आणि 25 मार्चपासून सबंध देशात टाळेबंदी झाली. तारीख ध्यानात घ्या. परवान्याचे वर्ष 31 मार्चला संपते; पुढील सालाचे शुल्क त्याआधी भरायचे असते. म्हणजे ज्या आठवड्यात दार बंद झाले, त्याच आठवड्यात दार उघडे ठेवण्याच्या हक्काची वर्षभराची किंमत मागण्यात आली. जुन्या हर्रासातील हप्त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. सरकारने मुदतवाढ दिली, हप्ते पाडून दिले, पुढे शुल्कात काही सवलतही दिली. हे सारे झाले. पण धंदेवाल्यांनी अर्जविनंत्या केल्यावर झाले.

आणखी एक गोष्ट शहरी श्रोत्यांच्या सहसा लक्षात येत नाही. दारूचे काउंटर आणि दारूचे टेबल हे दोन निराळे धंदे आहेत. वाइन शॉपचे नवे परवाने राज्यात 1970 नंतरच्या दशकापासून जवळजवळ निघालेलेच नाहीत. त्यामुळे जुना परवाना ही एखाद्या वतनासारखी गोष्ट झाली आहे. परमिट रूमचा परवाना त्या मानाने मिळतो. साथीत काय झाले? 4 मे 2020 पासून काउंटरला सवलत मिळाली. रांगा इतक्या लागल्या की मुंबईत दुसऱ्याच दिवशी ती मागे घ्यावी लागली. दिल्लीने किमतीवर सत्तर टक्के 'कोरोना शुल्क' बसवले, तरी रांग हलेना. महाराष्ट्राने मे महिन्याच्या मध्यास घरपोच विक्रीस मुभा दिली. म्हणजे काउंटरवाला दीड-दोन महिन्यांत उभा राहिला. टेबलवाला मात्र बसला तो 5 ऑक्टोबरपर्यंत बसला, आणि त्यानंतरही निम्म्याच खुर्च्या भरण्याची परवानगी मिळाली. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा कुलूप. जूनपासून जिल्ह्याजिल्ह्याची 'पातळी' पाहून थोडे थोडे उघडायचे. पूर्वीच्यासारखी वेळ मिळण्यास त्या सालचा ऑक्टोबर उजाडावा लागला.

मधल्या काळात बाटल्यांचे काय करायचे? व्हिस्कीला घाई नसते. बिअरचे आयुष्य मात्र सुमारे सहा महिन्यांचे. उन्हाळ्यासाठी भरलेला साठा उन्हाळ्यातच कुलपात पडला. तेव्हा सरकारने मे 2020 मध्ये परमिट रूमना आपला साठा सीलबंद, छापील किमतीला विकण्याची मुभा दिली. छापील किंमत म्हणजे टेबलावरचा सारा नफा गेला. तरी गुंतलेला पैसा मोकळा झाला. जागेवर गाळलेली बिअर त्याहून अल्पायुषी. दिल्लीच्या आसपासच्या लघुमद्यालयांनी सुमारे एक लाख लिटर ताजी बिअर ओतून दिल्याचे वृत्त त्या वेळी आले होते. निजामी काळातल्या शिंदीची आणि विसाव्या शतकानंतरच्या या तांब्याच्या टाक्यांची गाठ अशी पडली. नासणारा माल हा साथीत मालकाचा पहिला शत्रू.

जरा विलायतेकडे पाहू, कारण पबांची साखळी हा मूळचा तिकडचाच प्रकार. तेथे 20 मार्च 2020 ला पब बंद झाले. सरकारने नोकरांच्या पगाराचे ऐंशी टक्के, दरमहा अडीच हजार पौंडांच्या मर्यादेत, आपल्याकडून दिले. 'वेदरस्पून' या सुमारे 870 पबांच्या कंपनीने एप्रिलमध्येच नवे भाग विकून 14 कोटी 10 लाख पौंड उभे केले आणि पुढल्या जानेवारीत पुन्हा नऊ कोटींहून अधिक. 'मिचेल्स अँड बटलर्स'ने 2021 साली आपल्या भागधारकांकडून सुमारे 35 कोटी पौंड घेतले. भाग विकून पैसा उभारणे याचा अर्थ असा, की जुन्या मालकाचा हिस्सा पातळ होतो, पण व्याज वाढत नाही. मोठ्या कंपन्या तगल्या त्या या युक्तीने. कंपनीचा पब भाड्याने चालवणाऱ्या छोट्या भाडेकरूंचे मात्र तेथेही हाल झाले. काही कंपन्यांनी भाडे कमी केले, काहींनी नुसते पुढे ढकलले. पुढे ढकललेले भाडे म्हणजे कर्जच. विम्याच्या बाबतीत जानेवारी 2021 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बव्हंशी विमेदारांच्या बाजूने निकाल दिला, ही एक दिलासादायक गोष्ट.

आपल्याकडे पगाराची अशी योजना नव्हती. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 असे सहा महिने हप्ते थांबवण्याची मुभा दिली. व्याज थांबले नाही. केंद्राची हमी असलेले तातडीचे कर्ज मे 2020 मध्ये जाहीर झाले, आणि हॉटेलधंद्यासाठी त्याचे खास दार मार्च 2021 च्या अखेरीस उघडले. बाकी कर्जाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत नवे कर्ज. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, परंतु ती काडीही व्याजाची. शिवाय हे सर्व बँकेच्या वहीत नाव असलेल्यांसाठी. जेथे परवाना एकाच्या नावावर, जागा दुसऱ्याची, पैसा तिसऱ्याचा आणि व्यवहार तोंडी, तेथे हमी कोणाला आणि कशाच्या आधारे मिळणार? शहरातल्या साखळ्यांनी जागामालकांशी बोलून ठराविक भाड्याऐवजी विक्रीतला हिस्सा देण्याचे करार केले, आणि 'इम्प्रेसारिओ'त 2022 साली अडचणीतील उद्योगांत पैसा घालणाऱ्या 'इंडिया रिसर्जन्स फंडा'ने बहुतांश हिस्सा घेतला. तालुक्याच्या गावात असा कोणी येत नाही. तेथे भागीदार आपसांत भांडतात, शेताचा तुकडा विकतात, नाहीतर टेबले आवरून तेथेच खानावळ घालतात.

आणि या सर्वांच्या खाली वेटर. त्याचा निम्मा पगार बक्षिशीत, आणि बक्षिशीची नोंद कोठल्याच वहीत नाही. कुलूप पडताच तो गावी गेला. गुंतवणूकदाराचे नुकसान मोजता येते, कारण त्याने कागद ठेवलेले असतात. याचे मोजण्यास साधनच नाही. आमच्या मते साथीच्या या हिशेबातील सर्वांत मोठी रक्कम हीच असावी, आणि नेमकी तीच कोणी मांडलेली नाही.

बंदीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दार बंद झाले म्हणून तहान बंद झाली नाही. हातभट्ट्यांना बरकत आली. एप्रिल 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारू न मिळाल्याने हात धुण्याचे सॅनिटायझर पिऊन सहासात जण दगावले. त्याआधी आंध्रातही तसे घडले होते. म्हणून दुकाने उघडी ठेवावयास हवी होती असे आम्ही म्हणत नाही. बंद खोलीत, मोठ्याने बोलत, तासन्‌तास बसणे हे त्या रोगाला आमंत्रणच होते, आणि टेबले बंद करण्याचा निर्णय आमच्या मते योग्यच होता. वाद आहे तो त्याचे मोल कोणी द्यावे याविषयी.

साथ ओसरली. नोव्हेंबर 2023 पासून परमिट रूममधील विक्रीवरचा मूल्यवर्धित कर पाच टक्क्यांवरून दहा टक्के झाला. त्यानंतर परवाना शुल्क पंधरा टक्क्यांनी आणि उत्पादन शुल्क साठ टक्क्यांपर्यंत वाढले. 14 जुलै 2025 रोजी राज्यभरातील मद्यगृहांनी निषेधार्थ एक दिवसाचा बंद पुकारला. या खेपेस कुलूप मालकांनी आपल्या हाताने लावले होते, आणि परवान्याचे शुल्क त्या दिवसाचेही भरलेलेच होते.