मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन

मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन अर्थात सूक्ष्मवाहिनी दाबमुक्ती ही मस्तिष्क तंत्रिकेवर पडणारा रक्तवाहिनीचा दाब दूर करणारी शस्त्रक्रिया आहे. ती मुख्यतः ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या चेहऱ्याच्या तीव्र वेदनेच्या विकारात, तसेच अर्ध्या चेहऱ्याचे स्नायू आपोआप आकुंचन पावणाऱ्या हेमिफेशियल स्पॅझममध्ये केली जाते.

कारण

तंत्रिका मस्तिष्क स्तंभातून बाहेर पडते तेथे धमनी तिला टेकलेली असल्यास प्रत्येक ठोक्याला दाब पडून तंत्रिकेचे मायेलिन आवरण झिजते. मग घास चावणे, दात घासणे किंवा वाऱ्याची झुळूक लागणे एवढ्यानेही विजेच्या झटक्यासारखी कळ येते. ती दातदुखी समजून निरोगी दात काढले जाण्याचे प्रकारही घडतात.

शस्त्रक्रिया

प्रथम कार्बामाझेपिनसारखी औषधे दिली जातात. ती निष्प्रभ ठरल्यास किंवा सोसत नसल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. संपूर्ण भूल देऊन कानामागे कवटीचा लहान भाग उघडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनी तंत्रिकेपासून अलग करून दोहोंमध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात.

इतिहास

अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३०च्या दशकात हा दाब नोंदवला होता. उपचार म्हणून मात्र ते तंत्रिका छेदत. पीटर जॅनेटा यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तंत्रिका शाबूत ठेवणारी ही पद्धत विकसित केली.

परिणाम व धोके

जॅनेटा व सहकाऱ्यांच्या १९९६ मधील अहवालानुसार, शस्त्रक्रियेनंतर १० वर्षांनी ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे ७० टक्के रुग्ण औषधांविना वेदनामुक्त होते. त्या बाजूचे बहिरेपण, चेहऱ्याची बधिरता, मस्तिष्कमेरुद्रवाची गळती आणि क्वचित पक्षाघात हे संभाव्य धोके आहेत.