'शेल शॉक' : संज्ञा आणि निवृत्तिवेतन

चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात 'शेल शॉक' ही संज्ञा योजिली. ब्रिटिश सैन्याने पुढे तिला दोन अक्षरे जोडली : शत्रूच्या तोफगोळ्यामुळे विकार जडल्यास 'डब्ल्यू', म्हणजे जखमी, एरव्ही 'एस', म्हणजे केवळ आजारी. जखमीचे मानचिन्ह व निवृत्तिवेतन यांवरील हक्क या अक्षरावर अवलंबून असे. वर्गीकरण दिसावयास वैद्यकीय, पण १९१७ पासून त्यासाठी पलटणीच्या अधिकाऱ्याचा दाखला लागू लागला. रुग्णाच्या सांगण्यास स्वतंत्र वजन नव्हते. १९२२ मध्ये साउथबरो समितीने संज्ञाच त्याज्य ठरविली. दावे अर्थातच त्यामुळे मिटले नाहीत. अमेरिकेत १९८० मध्ये आघातोत्तर तणाव विकृती हे निदान मान्य झाले. तथापि शत्रूच्या भयातून उद्भवलेल्या दाव्यांत प्रसंगाचा स्वतंत्र पुरावा देण्याची अट शिथिल होण्यास २०१० उजाडले.