पावसात थरथरलेला पूल

नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहराचे मास नदीने दोन भाग केले आहेत. उत्तरेला शहराचा मध्यभाग, दक्षिणेला जुन्या गोद्या. जहाजे मोठी होत गेली तसे बंदर समुद्राकडे सरकले आणि या गोद्या ओस पडल्या. तेथे नवी वस्ती वसवायची, तर ती शहराला नीट जोडणे भाग होते. त्यासाठी बेन व्हॅन बर्केल या वास्तुविशारदाने आखलेला इरॅस्मस पूल सप्टेंबर १९९६ मध्ये खुला झाला. लांबी सुमारे ८०० मीटर, १३९ मीटर उंचीचा एकच वाकलेला मनोरा, आणि त्यावरून रस्ता तोलून धरणाऱ्या तिरप्या केबल्स. लोकांनी त्याला नाव दिले ‘हंस’.

दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, या केबल्स इतक्या हलू लागल्या की वाहतूक थांबवावी लागली. वारा जोराचा होता, पण वादळ नव्हते. मात्र जोडीला पाऊस होता.

थोडेसे पाणी एवढी जड केबल कशी हलवते? तिरप्या, गुळगुळीत केबलवरून पावसाचे पाणी बारीक धारेने खाली उतरते. वाऱ्याच्या रेट्याने ही धार केबलच्या वरच्या अंगाला टिकून राहते. धार अगदी पातळ असते, पण तिच्यामुळे केबलचा छेद वाऱ्याच्या दृष्टीने गोल राहत नाही आणि केबलवर वर-खाली ढकलणारे बल निर्माण होते. केबल हलली की धारही तिच्या परिघावर मागेपुढे सरकते. म्हणजे झोका देणारा हात झोक्याबरोबरच हलतो! दोघांचा ताल जुळला की हेलकावे वाढत जातात. वारा फार वाढला तर धारच उडून जाते. म्हणून हा प्रकार मध्यम वाऱ्यात दिसतो.

दोष मनोऱ्याच्या नखरेल आकाराला देणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. साध्या मनोऱ्यांच्या पुलांवरही असे घडले आहे. जपानी अभियंत्यांनी मेइको-निशी पुलावर हे पाहून १९८८ मध्ये शोधनिबंधही प्रसिद्ध केला होता. १९९५ मध्ये खुल्या झालेल्या फ्रान्समधील नॉर्मंडी पुलाच्या केबल्सवर तर धार मोडण्यासाठी मळसूत्रासारखे उंचवटे आधीपासूनच होते. हे ज्ञान छापलेले होते, वापरलेलेही होते. रॉटरडॅमला ते केबल्स हलल्यावर कामी आले.

तेथे प्रथम केबल्स दोरांनी बांधून ठेवल्या. मग स्कूटरला असतात त्याच तत्त्वाचे, पण कितीतरी मोठे, शॉक-ॲब्सॉर्बर केबल्सच्या खालच्या टोकांशी बसवण्यात आले.