काळ्या मातीचे हलते चित्र

किल्लारीच्या शिवारात चैत्र-वैशाखात उभे राहिले म्हणजे पायाखालच्या भेगेत हाताचा पंजा सहज जातो. आणि मृगाच्या दोन-चार चांगल्या सरी पडल्या, की तीच भेग कोठे होती हे सांगता येऊ नये. वाडवडिलांनी हे पुरते ओळखून काळी पेरायची आणि पांढरी राहायची, अशी जमिनीची वाटणीच करून टाकली. काळी माती फुगते हे त्यांना पक्के ठाऊक होते. ती फुगते का, हे मात्र डोळ्यांना दिसण्याजोगे नव्हते. असे न दिसणारे लोकांना दाखवावे कसे, या खटपटीचा इतिहास आज आम्ही सांगणार आहो.

७ एप्रिल १८६५ रोजी, म्हणजे अशाच वसंतातल्या एका संध्याकाळी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ऑगस्ट हॉफमान यांनी जाहीर व्याख्यानात क्रोके खेळाचे लाकडी चेंडू सळयांनी जोडून रेणू मांडून दाखविले. कर्ब काळा, हायड्रोजन पांढरा, प्राणवायू तांबडा. ते रंग आजच्या नमुन्यांतही बहुधा तसेच आहेत. पण त्यांचे रेणू परोठ्यासारखे सपाट होते. १८७४ मध्ये फान्ट हॉफ या डच तरुणाने कर्बाचे चार हात चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे असतात असे सांगितले आणि पुठ्ठ्याचे नमुने करून दाखविले. कोल्बे नावाच्या बड्या पंडिताने त्याची यथेच्छ टवाळी केली. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये याच फान्ट हॉफना मिळाले, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

आकार मिळाला, गती राहिली. तिची युक्ती आपल्याकडच्या एका माणसाला चांगली साधली होती. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून महिनाभर थोडी थोडी चित्रे घेतली, आणि एवढ्या दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटभरात दाखविली. पुढे १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यांनाच हलावयास लावले. तो पट आज उपलब्ध नाही. काडी किंचित सरकवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. ॲनिमेशन म्हणतात त्याचे मर्म एवढेच. वाटाणा डोळ्याला फार संथ म्हणून फाळक्यांनी त्याला पळविले. रेणू फार चपळ, म्हणून त्याला थोपवून दाखवावे लागते.

१९६४ च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये सायरस लेव्हिन्थॉल यांनी संगणकाच्या पडद्यावर प्रथिनाच्या रेणूचा रेषांचा सांगाडा फिरविला. थांबला की नुसते जाळे. फिरू लागला की त्या जाळ्याला खोली येई. परंतु आम्हांस अधिक आवडतो तो १९७१ चा स्टॅनफर्डमधील प्रकार. तेथे मोकळ्या मैदानावर तरुण-तरुणी नाचत, लोळत, एकमेकांचे हात धरत पेशीत प्रथिन कसे घडते याचे चित्रण झाले, आणि पॉल बर्ग यांच्यासारख्या संशोधकाने त्याचे प्रास्ताविक केले. ज्यांनी लेझीम पाहिली आहे, त्यांना यात परके काही वाटणार नाही.

आता आपल्या मातीकडे येऊ. १९३३ मध्ये उलरिख हॉफमान (हा हॉफमान निराळा!) व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मॉन्टमोरिलोनाइट या मातीच्या खनिजाची घडण मांडली. काळ्या मातीत हेच खनिज भरपूर असते. त्याचा एकेक थर तीनपदरी. वरखाली सिलिकॉन व प्राणवायू यांची चतुष्फलके, फान्ट हॉफच्या कर्बासारखीच, आणि मध्ये ॲल्युमिनियम. जाडी सुमारे मिलिमीटरचा दशलक्षावा भाग. पाणी थराथरांमध्ये शिरते. पाण्याचे दोन पदर बसले की थरांमधील अंतर सुमारे दीडपट होते. ऊन तापले की पाणी निघून जाते, थर जवळ येतात, आणि शिवार फाटते.

हे हलते चित्र काढणे आज अवघड नाही. अवघड आहे ते खरेपण. चित्रकार सोयीसाठी बहुतेक पाणी पुसून टाकतो आणि उरलेला एखादा रेणू शहाण्या मुलासारखा वाट काढीत जागेवर जाऊन बसतो. खऱ्या रेणूला जागा ठाऊक नसते. चोहोकडून धक्के खात, आत-बाहेर करीत तो कोठेतरी अडकतो. पंढरीच्या वाळवंटातून एक वारकरी ठेवून बाकीचे पुसावेत, तसे ते चित्र होते. दगडमातीच्या भिंतींवर किती भरवसा ठेवावा, याचे उत्तर या गावाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे फार मोठी किंमत देऊन मिळाले. येथे तरी मातीविषयी गोड आणि सोपे खोटे आम्हांस बोलवत नाही. पुसले असेल तर पुसले म्हणून सांगावे.

संगणक नसला तरी शाळेच्या पटांगणावर हा खेळ मांडता येईल. मुलांच्या दोन रांगा म्हणजे दोन थर. त्यांनी मधल्या गर्दीच्या रेट्याबरोबर मागे-पुढे व्हावे. मध्ये शिरणारी मुले पाण्याची. त्यांना कोणी जागा नेमून द्यायची नाही, आणि क्षणभरही उभे राहू द्यायचे नाही.