सात रस्ता व सोलापूरचा भुईकोट

सात रस्ता हा सोलापूर शहरातला गजबजलेला चौक. इथून शहराच्या नाना भागांत वाटा फुटतात आणि थोड्याच अंतरावर भुईकोट किल्ला लागतो. सोलापूरचे हे स्थानच त्याच्या इतिहासाचे कारण आहे. पुणे, विजापूर, हैदराबाद या तीन राजधान्यांच्या वाटा इथे जवळ येतात. त्यामुळे शेजारी राज्याला पाऊल पुढे टाकायचे झाले की पहिली नजर या किल्ल्यावर पडे.

किल्ला बहमनी काळातला. दुहेरी तट, बुरूज, पूर्वेला सिद्धेश्वर तलाव आणि उरलेल्या बाजूंना शंभर फुटांहून रुंद पाण्याचा खंदक. डोंगराचा आधार नसलेल्या सपाट मुलखात पाणी हेच संरक्षण होते. सोळाव्या शतकात अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांनी या एका ठाण्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षे रक्त सांडले. १५२४ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशाहाशी इस्माईल आदिलशाहाच्या बहिणीचे लग्न झाले. निजामशाहाने हुंड्यात सोलापूर ठरल्याचे सांगितले, विजापूरने ते नाकारले, आणि सोयरिकीतून युद्ध उभे राहिले. अखेर तालिकोटच्या लढाईआधी निजामशाही घराण्यातल्या चांदबिबीचे अली आदिलशाहाशी लग्न लागले, तेव्हा किल्ला उलट दिशेने, विजापूरकडे हुंड्यात गेला.

मात्र या मुलखाचे भवितव्य ठरले ते १८१८ मध्ये, पेशवे आणि इंग्रज यांच्या युद्धात. २० फेब्रुवारीला आजच्या मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले लढता लढता पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. पेशवे दुसरे बाजीराव पळत राहिले. त्यांचे पायदळ आणि तोफा गणपतराव पानशांच्या हाताखाली सोलापूरच्या तटालगत तळ देऊन होत्या. पेशवाईचा तोफखाना पिढ्यान्‌पिढ्या पानशांकडेच होता.

त्यांच्यावर चालून आला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी टॉमस मन्रो. धारवाडहून निघताना त्याच्याजवळ फौज तुटपुंजी होती. त्याने गावोगावचे शिपाई पगारावर ठेवले, ठिकठिकाणी अंमलदार नेमले आणि पेशव्यांचा सारा कंपनीच्या नावाने वसूल करायला लावला. मुलूख जिंकण्याचा खर्च त्याच मुलखातून निघाला. मन्रोच्या तोफांपेक्षा ही युक्ती अधिक घातक होती, कारण तिने रयतेच्या दृष्टीने सरकार आधीच बदलून टाकले. बदामी, बेळगाव घेत तो ९ मे रोजी सोलापूरला पोचला. १० मे रोजी हल्ला करून पेठ घेतली. त्याच संध्याकाळी पेशव्यांचे सैन्य तळ उठवून निघाले. मन्रोच्या हाताखालच्या प्रिट्झलरच्या घोडदळाने पाठलाग करून त्याची चाळण केली. वाट फुटेल तिकडे पांगलेले ते लोक रणात हरलेल्यांपेक्षाही अभागी. चार-पाच दिवसांत तटाला खिंडार पडले आणि किल्ल्याने शरणागती पत्करली. जूनच्या आरंभी बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेले.

दुसऱ्याचा मुलूख गिळणे इंग्रजांपुरते नव्हते. त्याच मे महिन्यात अमेरिकेचा सेनानी अँड्र्यू जॅक्सन स्पेनच्या ताब्यातल्या फ्लॉरिडात घुसून पेन्साकोला घेत होता; पुढच्या वर्षी स्पेनने तो प्रांत करारनाम्याने सोडला. पुढे १८४६ ते १८४८ च्या युद्धात मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक मुलूख अमेरिकेकडे गेला. पश्चिमेकडे सरकणाऱ्या त्या राष्ट्रामागे जमीन शोधणारे वसाहतकरी होते, कंपनीमागे महसुलाचे दफ्तर. इकडे १८४८ मध्येच साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून गादी खालसा केली.

सोलापूरजवळची सीमा त्यानंतरही शंभर वर्षे राहिली, या वेळी हैदराबादच्या निजामाच्या राज्याची. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याच्या मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या मुख्य तुकडीने सोलापूरहून कूच केले, नळदुर्ग घेतला आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागल्याने हैदराबादची वाट मोकळी झाली. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.