आधी खेळायला बसा: प्रस्तावना

मूल उशिरा बोलतंय अशी शंका आली की घरातली मोठी माणसं त्याची परीक्षा घ्यायला लागतात. ‘हे काय आहे? भू भू कसा ओरडतो? काकूला नाव सांग बघू!’ मूल गप्प बसतं, मग प्रश्न वाढतात आणि मूल आणखी गप्प होतं. हे पुस्तक वाचा-भाषा चिकित्सेचे विद्यार्थी, अंगणवाडीच्या ताई आणि पालक या सगळ्यांसाठी आहे. सगळ्यांना पहिली विनंती एकच: प्रश्न जरा आवरा आणि मुलाशी खेळायला बसा.

तान्ह्या बाळाशी आपण ‘बुवा… कुक्’ खेळतो. चेहरा पदराआड जातो, थोडा वेळ जातो, ‘कुक्’ म्हणत बाहेर येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी या पोरखेळाचा गंभीरपणे अभ्यास केला आणि १९८३ साली आलेल्या ‘चाइल्ड्स टॉक’ या पुस्तकात त्याची सविस्तर मांडणी केली. सुरुवातीला सगळा खेळ आई खेळते, बाळ नुसतं बघतं. काही महिन्यांनी बाळ मधल्या शांततेत पुढचं ओळखून हुंकार देतं आणि पुढे स्वतःच लपतं. आपली पाळी, तुझी पाळी, मधलं थांबणं, पुढे काय येणार याचा अंदाज ही संभाषणाची सगळी घडी पहिल्या शब्दाआधीच बसलेली असते. त्यामुळे ‘आधी बोलू दे, मग खेळेल’ हा क्रम मला उलटा वाटतो.

पुढचा टप्पा भातुकलीचा. पिंपळाचं पान पोळी होतं, वाळूचा भात होतो. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी १९३३ च्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं: काठीला घोडा मानताना मूल वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करायला शिकतं. शब्दाचंही तसंच आहे. समोर नसलेल्या वस्तूच्या जागी तो उभा राहतो. एलिझाबेथ बेट्स आणि सहकाऱ्यांना १९७० च्या दशकात असं आढळलं की रिकामा कप तोंडाला लावून प्यायल्याचं नाटक आणि पहिले शब्द साधारण एकाच सुमारास दिसू लागतात.

प्रत्यक्ष सत्र कसं चालतं? समजा, मूल बाहुलीपुढे पेला धरून ‘पाणी’ म्हणालं. ‘शाब्बास, अजून काय?’ असं विचारू नका. ‘बाहुलीला पाणी’ एवढंच म्हणा आणि गप्प राहा. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. नवशिक्या थेरपिस्टला हीच गोष्ट सगळ्यात जड जाते. मूल पेला कलंडवेल, तेव्हा ‘सांडलं! ताटात सांडलं!’ म्हणा. बाहुलीला, ताटात, चमच्याने, पाटावर: मराठीत नात्यांचा बराचसा भार शब्दांच्या शेपटीवर असतो आणि भातुकलीत या शेपट्या हाताने हलवता येतात. कधी डब्याचं झाकण मुद्दाम घट्ट लावून डबा मुलाच्या हातात द्यावा. ते तुमच्याकडे बघेल, डबा पुढे करेल, ‘उघड’ म्हणेल किंवा नुसतं ‘उं’ करेल. तेवढ्यावर झाकण उघडायचं. स्पष्ट उच्चारासाठी डबा अडवून ठेवला की खेळ संपला आणि पुन्हा परीक्षा सुरू झाली.

मात्र खेळाचा जयजयकार करताना तोल सांभाळायला हवा. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये काल्पनिक खेळावरचं संशोधन तपासलं, तेव्हा ‘खेळामुळेच विकास होतो’ असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. खेळ आणि भाषा सोबत वाढतात, हे एक. एकामुळे दुसरं वाढतं, हे दुसरं. शिवाय खेळ हा तपासणीला पर्याय नाही. बोलण्यात उशीर दिसला तर सर्वात आधी कान तपासून घ्यावेत. दोन वर्षं पूर्ण होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, तर ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणत वाट बघू नये.

साहित्याची चिंता करू नका. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन बालशिक्षण उभं केलं. महागडं, बटण दाबलं की स्वतःच बोलणारं खेळणं आपल्या कामाला उलट अडचणीचं, कारण बोलायची पाळी तेच घेऊन टाकतं. काही मुलं, विशेषतः स्वमग्न मुलं, बाहुलीकडे ढुंकून बघत नाहीत आणि गाड्या ओळीने लावत बसतात. ती ओळ मोडू नका. शेजारी बसून तुमची एक गाडी तिला जोडा. मुलाने ती गाडी सरकवली तर ती त्याची पाळी झाली.

राहिला भाषेचा प्रश्न. सत्र प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत घेण्याचा आग्रह अनेकदा पालकच धरतात. घरी अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी चालत असेल, तर खेळही त्याच बोलीत व्हावा. थेरपिस्टला ती येत नसेल, तर तिने आजीला सत्रात बोलवावं आणि आपण शेजारी बसून ऐकावं.